प्रायॉरिटी १ देऊनही आवाज तुटतोय? आधी रांग कुठे लागतेय ते बघा

मधूनच वाचणाऱ्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. पुण्यात कोथरूडमधलं डिझाईनचं छोटं ऑफिस, इंटरनेटवरून चालणारे १२ आयपी फोन, पीबीएक्स (ऑफिसचं फोन एक्सचेंज) क्लाउडवर, १०० एमबीपीएसची फायबर लाईन आणि मायक्रोटिकचा हेक्स राउटर. संध्याकाळी पाचनंतर डिझायनर मंडळी क्लायंटला फाईली अपलोड करायला बसली की फोनवर समोरचा माणूस सारखं "हॅलो, तुमचा आवाज कट होतोय" म्हणतो, यांना मात्र त्याचा आवाज स्वच्छ येतो. राउटरमध्ये सिंपल क्यू (वेग वाटून देणारी रांग) टाकून फोनच्या रेंजला, म्हणजे त्यांच्या आयपी पत्त्यांच्या गटाला, प्रायॉरिटी १ देऊन झाली, काडीचा फरक पडला नाही. आता विचारतायत की २०० ची लाईन घ्यावी का राउटरच बदलावा.

लगेच दोन्हीपैकी काहीच करू नका. पैसे घालवायच्या आधी जे हातात आहे ते नीट लावू, बहुतेक तेवढ्यावर भागेल.

तुम्ही सहज लिहून गेलात ती एक गोष्ट फार कामाची आहे, ती म्हणजे आवाज एकाच बाजूने तुटतो. तुमचा आवाज बाहेर जातो अपलोडवरून, समोरच्याचा आत येतो डाउनलोडवरून. म्हणजे डाउनलोड ठीक आहे, गडबड अपलोडमध्ये आहे, आणि वेळ पण बरोबर अपलोडचीच आहे. निम्मं निदान तुम्हीच करून दिलंत. लोक सहसा "व्हॉइस क्वालिटी बेकार आहे" एवढंच लिहितात आणि मग कोणाला ऐकू येत नाही, कधी येत नाही, हे विचारण्यातच आठवडा जातो.

आता मुद्द्याचं. प्रायॉरिटी कशी द्यायची हा इथे खरा प्रश्नच नाहीये, रांग कुठे लागतेय हा आहे. प्रायॉरिटी लागू होते ती रांगेत उभ्या असलेल्यांना. रांगच नसेल तर पॅकेट आलं की गेलं, कोणाला आधी सोडायचं हा विषयच निघत नाही. तुमच्या राउटरचा वॅन पोर्ट, म्हणजे बाहेरची लाईन लागते तो, गिगाबिटचा (१००० एमबीपीएसचा) आहे. ऑफिसमधून कितीही अपलोड आलं तरी राउटर ते गिगाबिटच्या वेगाने पुढच्या डब्यात, म्हणजे आयएसपीच्या (इंटरनेट कंपनीच्या) ओएनटी नावाच्या फायबर मोडेममध्ये, ढकलून मोकळा होतो. त्याच्यापुढे जायला आहेत तुमच्या लाईनचे तीसचाळीस एमबीपीएस, त्यामुळे रांग लागते ती तिथे किंवा आयएसपीच्या त्याहून पुढच्या कुठल्यातरी उपकरणात, आणि तिथे तुमची प्रायॉरिटी १ कोणी विचारत नाही, जो आधी आला तो आधी. काही आयएसपी तर रांगही लावत नाहीत, ठरलेल्या वेगाच्या वर गेलं की पॅकेट सरळ टाकून देतात, आणि टाकताना त्यात आवाज होता का फोटोशॉपची फाईल हे बघत नाहीत. कोथरूड डेपोजवळ ॲम्ब्युलन्ससाठी वेगळी लेन आखली पण ट्रॅफिक तुंबलंय नळ स्टॉपला, असा हा प्रकार आहे.

म्हणून पहिलं काम म्हणजे ती रांग ओढून आपल्या राउटरमध्ये आणायची. कशी, तर लाईनचा जो खरा वेग आहे त्यापेक्षा थोडं कमीच राउटरने बाहेर सोडायचं. मग ओएनटी कायम रिकामा राहतो, तुंबतं ते राउटरमध्ये, आणि राउटर आपला असल्यामुळे कोणाला पुढे काढायचं ते आपण ठरवू शकतो. यासाठी दहा-बारा टक्के वेग सोडून द्यावा लागतो, आणि हे मालक लोकांना पटवणं म्हणजे अवघड काम असतं, "१०० चे पैसे भरतो आणि तुम्ही ८० लावताय?" हे वाक्य मी पुण्यात पेठांपासून हिंजवडीपर्यंत सगळीकडे ऐकलंय. पण त्याला दुसरा स्वस्त पर्याय नाही.

व्हॉइसला मुळात लागतं किती ते एकदा बघून घ्या, म्हणजे २०० च्या लाईनचं उत्तर आपोआप मिळेल. जी.७११ कोडेकमध्ये (आवाजाचा डेटा करायची एक पद्धत) दर २० मिलिसेकंदाला एक पॅकेट निघतं, म्हणजे सेकंदाला ५०. एका पॅकेटमध्ये आवाज १६० बाइट, त्यावर पोचवण्यासाठीची वेष्टनं, आरटीपीचे १२, यूडीपीचे ८ आणि आयपीचे २०, झाले २०० बाइट, इथरनेटचे १८ धरले तर २१८. गुणाकार केला की एका दिशेला एका कॉलला साधारण ८७ केबीपीएस. बाराच्या बारा फोन एकदम चालू असले तरी १ एमबीपीएसच्या जेमतेम वर. जी.७२९ असेल तर एक कॉल ३१ केबीपीएसच्या आसपास, म्हणजे चिल्लर.

तर बँडविड्थची टंचाई नाहीच आहे, त्रास आहे उशिराचा. १५०० बाइटचं एक मोठं पॅकेट ३० एमबीपीएसच्या अपलोडवर चढायला ०.४ मिलिसेकंद लागतात. आवाजाच्या पॅकेटपुढे असं एखादं उभं असेल तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण ओएनटीच्या बफरमध्ये (पॅकेट थांबवून ठेवायच्या जागेत) असे हजार उभे असतील तर झाले ४०० मिलिसेकंद. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ नावाची शिफारस आहे, त्यात एका दिशेचा एकूण उशीर १५० मिलिसेकंदाच्या आत असावा असं म्हटलंय, आणि तुम्ही तर घराबाहेर पडायलाच ४०० घालवताय. त्यात हा उशीर एकसारखा असता तरी एक वेळ चाललं असतं, लोक थोडं थांबून बोलले असते, पण तो सारखा वरखाली होतो, एक पॅकेट २० मिलिसेकंदात जातं, पुढचं ३०० ला. समोरच्या फोनमधला जिटर बफर थोडा वेळ वाट बघतो आणि उशिरा आलेलं पॅकेट फेकून देतो. तो जो "कट होतोय" आवाज आहे ना तो बऱ्याचदा हरवलेल्या पॅकेटांचा नसतो, उशिरा पोचून फेकल्या गेलेल्यांचा असतो. याला बफरब्लोट म्हणतात, जिम गेटिस यांनी २०१०-११ च्या सुमारास हे नाव देऊन त्यावर बरंच लिहिलं आणि तेव्हापासून त्यावर चांगले उपायही आलेत, त्यातला एक खाली वापरणारच आहोत.

आता २०० च्या लाईनने काय होईल? एका लॅपटॉपवरून मोठी फाईल चढवायला लागलं की टीसीपी (फाईल पोचवणारी नेटवर्कची पद्धत) जागा मिळेल तेवढी खातं, अडखळेपर्यंत वेग वाढवत नेणं हेच त्याचं काम आहे. अपलोड ३० असेल तर ३० खाईल, ६० असेल तर ६० खाईल. फाईल लवकर संपेल, त्यामुळे त्रास कमी वेळ होईल एवढंच. फाईली मोठ्याच असतील आणि लोकांचं कामच अडत असेल तर घ्या २०० ची, पण ती डिझायनरांसाठी घ्या, फोनसाठी नको. आणि घेताना अपलोड किती देणार ते विचारून घ्या, कारण जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो डाउनलोड.

तुमच्या सेटिंगकडे येऊ. तुम्ही लिहिलंय की सिंपल क्यू एकच आहे, टार्गेट फोनची रेंज, मॅक्स-लिमिट (कमाल वेग) अनलिमिटेड, प्रायॉरिटी १, पॅरेंट (जिच्याखाली ही क्यू येते ती वरची क्यू) काही नाही. मायक्रोटिकमध्ये यामागे एचटीबी नावाची पद्धत चालते आणि तिच्यात प्रायॉरिटीचा अर्थ फार मर्यादित आहे. एचटीबी आधी प्रत्येक क्यूला तिचा लिमिट-ॲट, म्हणजे हमी दिलेला हिस्सा, देते. सगळ्यांचे हिस्से देऊन जे उरलं असेल ते वाटताना प्रायॉरिटी बघते, आणि तेही एकाच पॅरेंटखालच्या मुलांमध्ये, आणि तेही त्या पॅरेंटला मॅक्स-लिमिट दिलेली असेल आणि ती भरत आली असेल तरच. तुमच्याकडे पॅरेंट नाही, लिमिट नाही, दुसरी क्यू पण नाही. एकाच धावपटूची शर्यत आहे, त्यात पहिला नंबर देऊन काय होणार! एचटीबीच्या नजरेने तुमच्या राउटरवर गर्दी कधी झालीच नाही.

दुसरी भानगड फास्टट्रॅक. मायक्रोटिकच्या घरगुती आणि छोट्या ऑफिसवाल्या राउटरांत डीफॉल्ट फायरवॉलमध्येच फास्टट्रॅकचा रूल असतो, चालू कनेक्शनची पॅकेट आखूड रस्त्याने सोडणारा, सीपीयू वाचावा म्हणून. फास्टट्रॅक झालेली कनेक्शन सिंपल क्यूमधून जातच नाहीत, ग्लोबलला टांगलेल्या क्यू ट्रीमधूनही (क्यू लावायची दुसरी पद्धत) जात नाहीत, मँगलचे मार्कही (पॅकेटांवरच्या खुणा) त्यांना लागत नाहीत. फसवं काय तर कनेक्शनची काही पॅकेट तरीही नेहमीच्या रस्त्याने जातात, त्यामुळे विनबॉक्समध्ये (राउटरची सेटिंग बघायचा मायक्रोटिकचा प्रोग्रॅम) क्यूचा आकडा थोडाथोडा हलताना दिसतो आणि माणसाला वाटतं क्यू चालतेय. तपासायची सोपी पद्धत: एक फोन उचला, पाच मिनिटं कॉल चालू ठेवा आणि त्या क्यूच्या ट्रॅफिक टॅबमध्ये बघा. जी.७११ चा कॉल असेल तर दोन्ही दिशांना ८० केबीपीएसच्या आसपास आकडा स्थिर दिसला पाहिजे. तो मधूनच शून्यावर जातोय, उड्या मारतोय, तर फास्टट्रॅक मधून पळवतोय असं समजा. आयपी, फायरवॉल, फिल्टर रूल्समध्ये जाऊन तो रूल डिसेबल करा, आणि आधीपासून चालू असलेली कनेक्शन तशीच फास्टट्रॅकमध्ये राहतात म्हणून एकदा रीबूट मारा. सीपीयूवर लोड वाढेल, पण १०० एमबीपीएसला हेक्स दमत नाही. म्हणजे राउटर बदलायचाही प्रश्न सुटला. पुढेमागे ५०० ची लाईन घेतलीत तर तेव्हा सीपीयू बघून परत विचार करू.

आता लावायचं कसं. आधी मोजा. ऑफिस रिकामं असताना केबलने लॅपटॉप लावून स्पीड टेस्ट घ्या, वायफायवर नको. मग तीच टेस्ट संध्याकाळी सात-आठला घ्या, जेव्हा आजूबाजूच्या सोसायट्यांत सगळे घरी येऊन टीव्ही लावून बसलेले असतात. तुम्ही लिहिलेत ते आकडे सकाळचे आहेत, ९५ डाउनलोड आणि ४० अपलोड. धरून चालू की संध्याकाळी ते ९० आणि ३२ होतात, तुमचे वेगळे आले तर वेगळे घ्या. हिशोब नेहमी वाईट वेळेचा धरायचा, कारण लिमिट ३६ लावली आणि लाईन ३२ वर आली की रांग परत ओएनटीत गेली, आणि तुम्ही म्हणणार सकाळी चालतं, संध्याकाळी चालत नाही, क्यूचं काही खरं नाही. तर अपलोड २८ आणि डाउनलोड ८० धरू.

वरची क्यू: नाव काहीही द्या, टार्गेटमध्ये ऑफिसच्या सगळ्या रेंज, मॅक्स-लिमिट अपलोड २८ एम आणि डाउनलोड ८० एम. डीएसटीमध्ये (डेटा कुठे जातोय त्या रकान्यात) तुमचा पीपीपीओईचा, म्हणजे इंटरनेटकडे जाणारा, इंटरफेस द्यायला विसरू नका, नाहीतर एका व्हीलॅनमधून (ऑफिसच्या नेटवर्कचा वेगळा केलेला भाग) दुसऱ्या व्हीलॅनमधल्या नॅसवर (फाईली साठवायचा डबा) कॉपी करतानाही हीच मर्यादा बसेल आणि डिझायनर तुमच्या नावाने ओरडतील. हिच्याखाली दोन मुलं, म्हणजे पॅरेंटमध्ये वरच्या क्यूचं नाव. पहिली व्हॉइस: टार्गेट फोनची रेंज, लिमिट-ॲट दोन्हीकडे २ एम, मॅक्स-लिमिट ४ एम, प्रायॉरिटी १. दुसरी बाकी सगळं: लिमिट-ॲट अपलोड २५ एम आणि डाउनलोड ७५ एम, मॅक्स-लिमिट २८ आणि ८०, प्रायॉरिटी ८. मुलांच्या लिमिट-ॲटची बेरीज पॅरेंटच्या मॅक्स-लिमिटच्या आत राहिली पाहिजे, इथे २७ आणि ७७ होते, बरोबर बसतंय. बेरीज बाहेर गेली तर हमी दिलेला हिस्साच पुरा पडत नाही आणि प्रायॉरिटीपर्यंत पाळी येत नाही, हे फार ठिकाणी बघितलंय.

व्हॉइसला ४ एमची टोपी का घातली, असं कोणीतरी विचारणारच. ज्याला सगळ्यांच्या पुढे काढतो त्याला मर्यादा पाहिजेच, नाहीतर त्या रेंजमध्ये नको ते काही घुसलं की तेही सगळ्यांच्या पुढे पळतं. सिस्को कंपनीच्या राउटरांतल्या एलएलक्यू या अशाच पद्धतीतही गर्दीच्या वेळी प्रायॉरिटी क्लास ठरलेल्या मर्यादेच्या वर जाऊ देत नाहीत, आणि अशा क्लासला एकूण लाईनच्या ३३ टक्क्यांच्या वर देऊ नका असा त्यांचा जुना सल्ला आहे. तुमच्याकडे व्हॉइसची गरज १ च्या आसपास, हमी २ ची, कमाल ४, भरपूर झालं.

"बाकी सगळं" या क्यूमध्ये खरोखर बाकी सगळं आलं पाहिजे. गेस्ट वायफायची रेंज वेगळी आहे का? ती पण पॅरेंटच्या टार्गेटमध्ये आणि या मुलात घाला. आणि सीसीटीव्ही! अर्ध्या ऑफिसांत अपलोड खाणारा चोर हाच निघतो, एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) कोणीतरी क्लाउड रेकॉर्डिंगला जोडून ठेवलेला असतो आणि तो दिवसरात्र चढवत बसलेला असतो. तो क्यूच्या बाहेर राहिला तर तुमचे २८ अधिक त्याचे चार-पाच, झाली लाईन फुल, आणि रांग परत नळ स्टॉपला.

या "बाकी सगळं" क्यूचा प्रकारही बदला. राउटरओएस (मायक्रोटिकच्या राउटरचं सॉफ्टवेअर) ७ असेल तर क्यू टाइप्समध्ये एफक्यू-कोडेल प्रकारचा एक टाइप बनवून तो द्या. वर म्हटलं तो उपाय हाच, २०१८ च्या आरएफसी ८२९० या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात त्याचं वर्णन आहे. तो प्रत्येक कनेक्शनची वेगळी छोटी रांग करतो आणि रांगेत पॅकेट फार वेळ रेंगाळायला लागली की थोडी टाकून पाठवणाऱ्याला हळू व्हायला लावतो. याचा फायदा असा की मोठं अपलोड चालू असताना बाकीच्यांचं ब्राउझिंगही मरत नाही. व्हर्जन ६ वर असाल तर एसएफक्यू द्या, तेवढं चांगलं नाही पण साध्या फिफोपेक्षा (जो आधी आला तो आधी) बरं.

फोन वेगळ्या व्हीलॅनमध्ये आहेत असं तुम्ही म्हटलंय, छान, पण एक गोष्ट उठून जाऊन बघा. डेस्कवर एकच लॅनची वायर आहे का, जी आधी फोनमध्ये जाते आणि फोनच्या मागच्या पीसी पोर्टमधून लॅपटॉपला? असेल तर स्विचवर तो पोर्ट कसा लावलाय त्यावर सगळं अवलंबून आहे. व्हॉइस व्हीलॅन टॅग्ड (पॅकेटवर व्हीलॅनची खूण असलेलं) आणि डेटा अनटॅग्ड असेल तर ठीक. पण वायरिंगवाल्याने अख्खा पोर्ट फक्त व्हॉइस व्हीलॅनचा (ॲक्सेस) करून टाकला असेल तर लॅपटॉपलाही फोनच्या रेंजमधला आयपी मिळतो आणि तुमची दोन जीबीची फाईल प्रायॉरिटी १ घेऊन निघते. लॅपटॉपवर आयपीकॉन्फिग मारा, फोनच्या रेंजमधला आयपी दिसला की समजा. स्विच अनमॅनेज्ड, म्हणजे सेटिंग नसलेला, असेल तर टॅगिंगचा भरवसा धरू नका, आठ पोर्टचा साधा स्मार्ट स्विच तपकीर गल्लीत सहज मिळतो, खर्च करायचाच तर तिथे करा.

लावून झालं की टेस्ट. काहीही बदलायच्या आधीच एकदा करून ठेवा म्हणजे तुलना करता येईल. लॅपटॉप मुद्दाम व्हॉइस व्हीलॅनच्या पोर्टवर लावा, ८.८.८.८ ला (गूगलचा सर्व्हर) सतत पिंग (निरोप जाऊन यायला किती वेळ लागतो ते मोजणं) चालू ठेवा, आणि दुसऱ्या मशीनवरून मोठी फाईल क्लाउडवर चढवायला घ्या. चांगल्या फायबरवर रिकाम्या वेळी पुण्यातून पिंग दहा मिलिसेकंदांच्या आसपास किंवा त्याच्याही खाली असतो. आत्ता तो अपलोड सुरू झाल्याबरोबर शंभर-दोनशेच्या वर जाताना दिसेल. क्यू बरोबर बसली असेल तर तो दोनचार मिलिसेकंद इकडेतिकडे होऊन तिथेच राहील. लॅपटॉप डेटा व्हीलॅनमध्ये ठेवून हीच टेस्ट केलीत तर तुम्ही व्हॉइसची क्यू तपासतच नाही आहात, दुसरीच तपासताय, हे लक्षात ठेवा. त्याच वेळी विनबॉक्समध्ये क्यूचे रंग बघा. रंग फक्त किती टक्के भरलं ते सांगतो, ५० पर्यंत हिरवा, ७५ पर्यंत पिवळा, त्यावर लाल. वरची क्यू लाल झालीच पाहिजे, ती लाल होत नसेल तर रांग अजून बाहेरच लागतेय, २८ चे २६ करून बघा, आणि "बाकी सगळं"चा अपलोड लिमिट-ॲट २५ चा २३, म्हणजे बेरीज आत राहील. व्हॉइसची हिरवीच राहिली पाहिजे आणि तिच्या ड्रॉप्डच्या आकड्यात शून्य पाहिजे. लोक लाल रंग बघून घाबरून लिमिट वाढवतात, उलटं आहे ते.

डाउनलोडचं मात्र थोडं वेगळं आहे, आणि तिथे कोणी शंभर टक्के खात्री देत असेल तर ऐकू नका. डाउनलोडची पॅकेट तुमच्यापर्यंत येतात तीच अरुंद जागा ओलांडून, त्यामुळे राउटरने त्यांना थांबवणं म्हणजे गेलेल्या वेळेवर पहारा. तरी उपयोग होतो, कारण आपण थोडी पॅकेट अडवली, टाकली की पलीकडचा टीसीपी सर्व्हर वेग कमी करतो आणि आयएसपीकडची रांग ओसरते. म्हणून डाउनलोडला जास्त जागा सोडलीय, ९० चे ८०. पण एकदम पन्नास कनेक्शन उघडली तर पहिले काही क्षण आवाज हलू शकतो. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्टचे अपडेट निघतात, आपल्याकडे तेव्हा रात्र असते, म्हणून बुधवारी सकाळी सगळे लॅपटॉप एकदम उघडले की ते खाली यायला लागतात. बुधवारी सकाळीच तक्रार येते असं कोणी म्हणालं तर मी आधी कॅलेंडर बघतो.

इतका वेळ मी गृहीत धरलं की सगळे कॉल डेस्कच्या फोनवरून होतात. कोणी लॅपटॉपवर किंवा मोबाईलवर सॉफ्टफोन (कॉल करायचं ॲप) वापरत असेल तर व्हीलॅनवरून वेगळं काढता येणार नाही, मग मँगलमध्ये मार्किंग करावं लागेल आणि सिंपल क्यूच्या पॅकेट मार्कमध्ये ते द्यावं लागेल, आणि ती क्यू यादीत डेटाच्या वर ठेवावी लागेल कारण सिंपल क्यू वरून खाली बघितल्या जातात. ओळखायचं कशावरून? पुस्तकी उत्तर डीएससीपी (पॅकेटवरची प्राधान्याची खूण) ४६, म्हणजे ईएफ हा वर्ग. डेस्कफोन बहुतेक हा मार्क स्वतःच लावतात, पण विंडोजवर ॲपने लावलेला मार्क पुष्कळदा बाहेर पडतच नाही, ग्रुप पॉलिसीतून वेगळं द्यावं लागतं. मी क्लाउड पीबीएक्सवाल्यांकडून त्यांच्या मीडिया सर्व्हरची आयपी रेंज मागून घेतो आणि त्यावर आधी कनेक्शन मार्क, मग पॅकेट मार्क करतो, दोन्ही दिशा एका झटक्यात सापडतात. नुसत्या यूडीपी १०००० ते २०००० या पोर्टवर मार्क करू नका. ॲस्टरिस्क या पीबीएक्स सॉफ्टवेअरची ती नेहमीची रेंज आहे हे खरं, पण गेम आणि टॉरेंटही त्याच पोर्टांमधून फिरतात. आणि डीएससीपी लावला म्हणजे इंटरनेटवर कोणी तुम्हाला पुढे काढेल असंही समजू नका, आयएसपीच्या दारात तो मार्क सहसा पुसला जातो किंवा दुर्लक्षित होतो. त्याचा उपयोग तुमच्या ऑफिसच्या आत.

वायफायवर तर आणखी एक गंमत आहे. हवेतली गर्दी राउटरच्या क्यूला दिसत नाही, तिथे डब्ल्यूएमएम (वायफायची स्वतःची प्राधान्याची पद्धत) काम करतं. बरेच ॲक्सेस पॉइंट डीएससीपीचे वरचे तीन बिट बघून वर्ग ठरवतात, ४६ चे वरचे तीन बिट म्हणजे ५, आणि ५ पडतो व्हिडिओच्या वर्गात, व्हॉइसच्या नाही. आरएफसी ८३२५ मध्ये हे दुरुस्त करून व्हॉइसला ६ द्या असं सांगितलंय, पण तुमचा ॲक्सेस पॉइंट ते पाळतो का हे त्याच्या सेटिंगमध्ये शोधावं लागेल. शक्य असेल तिथे फोन वायरवर ठेवा आणि विषय संपवा.

काही तक्रारी क्यूच्या वाटतात पण नसतात, म्हणून सांगून ठेवतो. कॉल उचलल्यापासूनच एका बाजूचा आवाज अजिबात येत नाही, तुटत नाही, येतच नाही, तर ते नॅटचं (राउटर आतले आयपी पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलतो त्याचं) प्रकरण आहे. कॉल बरोबर ३२ सेकंदांनी कट होतो, तर एसआयपीचा (कॉल जोडणारी भाषा) एखादा निरोप परत पोचत नाहीये आणि त्याचा टायमर संपतोय. दोन्हीमध्ये आधी फायरवॉलच्या सर्व्हिस पोर्ट्समध्ये जाऊन एसआयपी हेल्पर डिसेबल करून बघा, क्लाउड पीबीएक्सला तो बहुतेक वेळा नकोच असतो.

शेवटचं, तुम्ही बॅकअप लाईनचं ओझरतं लिहिलंय. पुण्यात रस्ते ज्या वेगाने खोदतात त्यात दुसरी लाईन पाहिजेच, पण मग वरची एकच पॅरेंट क्यू चालणार नाही, कारण तिला दोन लाईनींचे वेगवेगळे वेग माहीत नसतात. मुख्य लाईन तुटून ५ एमबीपीएस अपलोडच्या ४जी डोंगलवर गेलात आणि क्यू अजून २८ च्याच हिशोबात असेल तर पहिल्या दिवसाचाच खेळ परत सुरू. अशा ठिकाणी मी दोन्ही वॅनसाठी वेगळी पॅरेंट क्यू ठेवतो, डीएसटीमध्ये आपापला इंटरफेस आणि लिमिट त्या लाईनच्या वाईटात वाईट वेगाप्रमाणे. डोंगलचा वेग तासातासाला बदलतो त्यामुळे तिथे लिमिट अगदी कंजूषपणे लावायची, आणि त्या वेळापुरती अपलोडं थांबवायला सांगायची, त्याला इलाज नाही.

आधी संध्याकाळची स्पीड टेस्ट आणि फास्टट्रॅक काढल्यानंतरचा पिंग, एवढे दोन आकडे टाका. राउटरओएस ६ आहे का ७ तेही सांगा, क्यू टाइपचं सेटिंग त्याप्रमाणे लिहून देतो.